लाटेनंतर एक शब्द

"श्वास आत, चार. आता सावकाश बाहेर सोड, आठपर्यंत." मॅडमनी गादीवर निजलेल्या विद्यार्थिनीच्या कपाळावरून हात फिरवला आणि खोलीतला एक दिवा मालवला. नर्सिंगच्या बाकीच्या मुली भिंतीला टेकून बघत होत्या. "हिप्नोबर्थिंगमध्ये, म्हणजे श्वास आणि आवाजाने बाईला गुंगीत नेऊन बाळंतपण करताना, कळ म्हणायचं नाही, लाट म्हणायचं. निम्मी भीती तिथेच जाते."

"माझ्या आईला सांगा, मॅडम," गादीवरची मुलगी डोळे मिटूनच म्हणाली. वर्गात तिला सगळ्या चिमणी म्हणत, तोंड मिटत नाही म्हणून. "माझ्या वेळच्या लाटा ती अजून ऐकवते मला."

मुली फिदीफिदी हसल्या. मॅडमही हसल्या, पण निम्मी भीती जाते म्हणे! खालच्या मजल्यावर लेबर रूममध्ये त्यांची लेक कळा सोसत होती. 'आई, मला तुझाच आवाज हवा,' असं ती महिनाभर म्हणत होती, आणि मॅडमनी तासाचं निमित्त काढून वर पळ काढला होता.

"बाई एकदम गप्प झाली तर?" चष्मेवालीने विचारलं. "ती शांत झालीय की तिची शुद्ध हरपतेय, कसं कळायचं?"

हा प्रश्न मॅडम दरवर्षी टाळत. अकरा वर्षांपूर्वी एक बाई त्यांच्या आवाजाने अशीच निवांत झाली होती. गुणाची गं माझी, म्हणत त्या तिला थोपटत राहिल्या आणि चादरीखाली रक्त वाहत राहिलं. ती गेली. त्यानंतर त्या फक्त शिकवत आल्या. कुणाच्या उशाशी बसल्या नाहीत.

"दर लाटेनंतर तिच्याकडून एक शब्द काढून घ्यायचा," आज त्या बोलून गेल्या. "कुठलाही. तो आला नाही, तर आधी चादर उचला, नाडी बघा, डॉक्टरांना हाक मारा. कौतुक नंतर."

तेवढ्यात दारातून खालच्या सिस्टरने डोकावलं. "मॅडम, लेकीने तुमचा धोशा लावलाय. येताय ना?"

मॅडमचा पाय उचलेना. चिमणीनेच उठून त्यांचा दंड धरला. "चला, मीही येते."

लेकीच्या उशाशी बसून मॅडम मोजू लागल्या. पाच लाटा गेल्या. दर खेपेला त्या विचारत आणि लेक एक शब्द देई. सहावी ओसरली. लेकीचे डोळे मिटलेले, ओठ सैल, चेहरा त्या बाईसारखाच निवांत. आता विचारायचं. मॅडम लेकीला नुसत्या थोपटत राहिल्या. विचारलं आणि उत्तर आलंच नाही तर?

चिमणीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग चादर उचलून बघितली, लेकीचं मनगट धरलं आणि वाकून म्हणाली, "ताई, एक शब्द बोला बरं. कसलाही."

लेक गप्पच. मॅडमनी पलंगाची कड घट्ट धरली.

"आधी आईला श्वास घ्यायला सांग," लेक डोळे न उघडता म्हणाली.

"ऐकलंत ना, मॅडम?" चिमणी म्हणाली, आणि चारपर्यंत मोजू लागली.