बेटावर कुठे जेवलात?

प्रसन्न गेल्याची बातमी आली तेव्हा जे विचारायचं असतं ते सगळं सगळ्यांनी विचारलं. लाट मोठी होती का, पोहता येत नव्हतं का, तिथे लाइफगार्ड नव्हता का. त्याच्या आईने, सुलेखाने, एवढंच विचारलं, "तो जेवला होता का?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. तिचे यजमान हेमचंद्र बँकॉकला जाऊन सगळं उरकून अस्थी घेऊन परत आले, तेव्हा तिने दारातच पुन्हा तो प्रश्न केला. ते म्हणाले, "अगं, पोलिसांना मी हे कसं विचारणार?" बरोबरच होतं त्यांचं. तिचंही बरोबर होतं.

सुलेखाचं, म्हणजे सोहोन्यांचं घर आणि आमचं घर पाठीला पाठ लावून उभी आहेत. इथे मिशिगनमध्ये, नोव्हायला आमच्या वस्तीत कुणी कुंपण घालत नाही, त्यामुळे कुणाचं गवत कुठे संपतं हे फक्त ते कापणाऱ्या नवऱ्यांना ठाऊक. दोघींचे नवरे मोटारींच्या कंपन्यांत इंजिनियर. हेमचंद्र ब्रेक बघतात, आमचे दरवाजे. प्रसन्न दुपट्यात होता तेव्हापासून मी त्याला पाहिलेला. मराठी सगळं कळायचं, बोलायचा मात्र इंग्रजीत. मला तेवढं 'विनीतामावशी' म्हणायचा.

जेवणाचा प्रश्न कुठून आला ते सांगते. पोरगा ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीतून ग्रॅज्युएट झाला, पुढच्या वर्षी मेडिकलला जायचं म्हणत होता. ती ॲडमिशन होईपर्यंत आईने संकष्टी धरायची आणि लेकानेही धरायची, असं सुलेखाने गणपतीला परस्पर कबूल करून टाकलं. लेकाला मागाहून कळवलं. तो बिचारा हो म्हणाला. एका संकष्टीला मी त्याला मॉलमध्ये पाहिलं, हातात हा एवढा मोठा बर्गर. मला बघून लपवला नाही की काही नाही.

"काय रे, चंद्र उगवला वाटतं?" मी म्हटलं.

"समव्हेअर इट हॅज, विनीतामावशी," तो तोंडात घास असतानाच म्हणाला.

सत्त्याऐंशीच्या त्या उन्हाळ्यात तो आणि त्याचा रूममेट केव्हिन पाठीला पिशव्या लावून निघाले. आधी थायलंड, मग पुण्याला आजीकडे. पट्टायाहून त्याने घरी कलेक्ट कॉल केला, म्हणजे बिल घरच्यांनी भरायचं. इकडे संध्याकाळची जेवणं चालली होती, तिकडे दुसरा दिवस उजाडला होता. म्हणाला, आज बोटीने जवळच्या एका छोट्या बेटावर जातोय, संध्याकाळी परत. सुलेखा म्हणाली, "तुझ्याकडे आज संकष्टी आहे रे. धरशील ना?"

"शुअर, मॉम."

एवढंच. त्याच दुपारी त्या बेटाच्या किनाऱ्यावरून तो पाण्यात गेला तो गेलाच.

तेव्हापासून सुलेखाच्या घशाखाली घास उतरेना. ताटावर बसायची, भात कालवायची, मग कालवतच राहायची. बांगड्या हातातून आपोआप निघायला लागल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मंडळातल्या बायकांनी डबे दिले. मी आणखी काही सुचेना म्हणून तिला ती बर्गरची गोष्ट सांगितली. मेलेल्या पोराची चहाडीच म्हणायची. पण तिने माझा हात घट्ट धरला.

"मोडायचा तो उपास? खरंच?"

"अगं, सर्रास."

"मग तिथेही मोडला असेल. हो ना गं?"

"मोडलाच असणार."

"असणार म्हणजे? तू काय बघायला गेली होतीस?"

पोराला उपास पाळायची बुद्धी दे म्हणून जिने हात जोडले, तीच आता त्याच देव्हाऱ्यापुढे बसून, पाळलेला नसू दे, म्हणत होती. देवालाही बुचकळ्यात पडायला झालं असेल.

ऑक्टोबरात केव्हिनचा फोन आला. इतके दिवस धीर होत नव्हता, आता भेटायला येऊ का, म्हणाला. सुलेखाने सकाळपासून स्वयंपाक मांडला. पोळ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. मी मदतीला गेले तर मला भात ढवळू देईना. म्हणाली, "विनीता, तो बरोबर होता. त्यालाच ठाऊक असणार."

केव्हिन ओहायोहून गाडी चालवत आला. लाल केसांचा, लांबच लांब पोरगा, गळ्यात नवीन टाय. दारात बूट काढायचे हे त्याला प्रसन्नने शिकवलं होतं बहुतेक. वाकून लेस सोडता सोडताच रडायला लागला. हेमचंद्रांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हात तसाच ठेवून जेवायला आणलं. त्याने श्रीखंड चाखलं, छान आहे म्हणाला. पोळी फाडायची कशी ते त्याला जमेना, आणि ती फाडून द्यायला आमच्यापैकी कुणाचा हात पुढे झाला नाही. मग सुलेखाने विचारलं. इंग्रजीत विचारलं, मी इथे सगळं आपल्याच भाषेत लिहिते, कारण माझ्या कानात ते तसंच राहिलंय.

"तुम्ही त्या बेटावर जेवलात कुठे?"

असा प्रश्न येईल याची त्याला कल्पना नसावी. त्याने आधी हेमचंद्रांकडे पाहिलं आणि मग बेट किती लहान, बोट कुठे लागते, तिथपासून सुरुवात केली. धक्क्यालगत मोठी हॉटेलं होती, टेबलक्लॉथवाली, बाहेर पदार्थांचे फोटो लावलेले. तिथे सगळे टूरिस्ट. त्यापुढे वाळूत छत्र्या आणि आरामखुर्च्या, तिथे खुर्चीतच ताट आणून देतात. आणि अगदी टोकाला, खडक ओलांडून, झावळ्यांची एक टपरी. एक म्हातारी आणि तिची शेगडी. "आम्ही तिथे गेलो. ती म्हातारी आम्हाला हसत होती, आम्ही किती भात खातोय ते बघून…"

तो थांबला.

"आणि प्रसन्न?" सुलेखाने विचारलं.

केव्हिनने चमचा खाली ठेवला. "नाही, मिसेस सोहोनी. तो जेवला नाही. तुम्हाला प्रॉमिस केलंय म्हणाला. नारळाचं पाणी प्यायला फक्त."

"थँक यू," सुलेखा म्हणाली. उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

हेमचंद्रांचे डोळे भरून आले होते. मला म्हणाले, "बघितलंत विनीताताई? शब्द पाळला पोराने." त्यांच्या दृष्टीने त्यांना काहीतरी मिळालं होतं. मी आत गेले. सुलेखाने सिंकचा नळ पूर्ण सोडला होता आणि नुसती उभी होती.

"माझ्यापायी उपाशी राहिला गं," ती म्हणाली. "त्या पाण्यात त्याच्या अंगात ताकद कुठून येणार?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने काढला. हळूच काढला, पण काढला. नळाचं पाणी तसंच वाहत होतं, आणि माझ्या डोक्यात त्या म्हातारीचा भात घोळत होता. दोघंच तर गेले होते बेटावर. एकाने नारळपाणी घेतलं असेल, तर 'आम्ही' कोण? एकट्याच्या भाताला कुणी एवढं हसतं का?

केव्हिन मागच्या अंगणात जाऊन उभा होता. मी तशीच चपला न घालता गवतात गेले.

"तू खोटं बोललास," मी म्हटलं.

त्याचा चेहरा केसांसारखाच लाल झाला. काकुळतीला येऊन म्हणाला, "मिस्टर सोहोनींनी फोनवर सांगितलं होतं. ती फार धार्मिक आहे, तिच्यासमोर मांसमच्छीचं नाव काढू नकोस, पोराने तसलं काही खाल्लेलं तिला सहन व्हायचं नाही. आणि त्या उपासाचं प्रसन्नने मला सांगितलं होतं. मला वाटलं, त्याने उपास पाळला असं ऐकून त्यांना बरं वाटेल."

म्हणजे बापाने आईला जपलं, मित्राने बापाचं ऐकलं, आणि दोघांनी मिळून तिला तिथे नेऊन सोडलं जिथे तिला जायचं नव्हतं. कुणावर चिडणार? मी त्याचं कोपर धरलं.

"तिला तेच तर ऐकायचंय, वेड्या. जेवला होता हेच ऐकायचंय. चल आत."

"फिश सांगू?"

"काटेसुद्धा सांग."

त्याला मी सिंकपाशी नेऊन उभा केला आणि नळ बंद केला. हेमचंद्र मागोमाग आले. केव्हिनने पहिलं वाक्य बोलताच ते म्हणाले, "केव्हिन, प्लीज!"

"अहो, बोलू दे त्याला," सुलेखा म्हणाली. तिचा असा आवाज मी वीस वर्षांत ऐकला नव्हता.

मग तो बोलला. त्या टपरीत एकच टेबल होतं, एक पाय आखूड, त्याखाली शिंपला सारलेला. म्हातारीने आख्खा मासा निखाऱ्यावर भाजून दिला, डोक्यासकट.

"केवढा?" सुलेखाने विचारलं.

त्याने हात पसरून दाखवला.

"तिखट होता?"

"मला तिखट लागला. तो म्हणाला, ह्याला काही तिखट म्हणत नाहीत. आणखी मिरच्या मागून घेतल्या."

"भात?"

"दोनदा घेतला. नाही, तीनदा. तिसऱ्यांदा तिने न विचारताच वाढला."

"आणि गोड?"

"आंबा. नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात, त्यावर आंबा. माझ्यातलाही त्याने खाल्ला."

सुलेखा त्याच्या तोंडाकडे बघत होती, पण विश्वास ठेवत नव्हती. ते दिसत होतं. एकदा खोटं बोललेल्या माणसाचं ऐकतात तसं ऐकत होती. मलाही क्षणभर वाटलं, हा आता आपल्याला हवं तेच बोलतोय की काय. मीच तर त्याला शिकवून आणला होता.

"आणि एक मला कळलं नाही," केव्हिन म्हणाला. "इतकी वर्षं एका खोलीत राहिलो, पण असं करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. जेवायच्या आधी त्याने तळहातावर पाणी घेतलं आणि ताटाभोवती फिरवलं. मग भाताची थोडी शितं उचलून ताटाबाहेर, उजव्या बाजूला टेबलावर मांडली. इथे एक, इथे एक, अशी ओळीने. मी विचारलं, हे काय? म्हणाला, आमच्यात टिप आधी ठेवतात. मग म्हणाला, आज आईचा उपास मोडतोय, निदान एवढं तरी करू दे."

प्रसन्न आठ वर्षांचा असताना पुण्याला नेऊन त्याची मुंज केली होती. त्यानंतर हेमचंद्रांनी त्याला चित्राहुती घालायला शिकवलं होतं, इथेच, ह्याच टेबलाशी. हायस्कूलमध्ये गेल्यावर त्याने ते सोडलं, आणि बापानेही मग धरून ठेवलं नाही. ओहायोच्या पोराला हे रचून सांगणं शक्य नव्हतं.

"माशाच्या ताटाला चित्राहुती!" हेमचंद्र म्हणाले. हसायला गेले ते. आणि मग फ्रिजला टेकून खाली बसले, भर स्वयंपाकघरात, लादीवर. अस्थी हातात घेऊन आलेला तो माणूस, कुणी रडताना पाहिला नव्हता. केव्हिनला कळेना आपण काय बोलून बसलो. तो एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे.

सुलेखाने त्यांना उठवलं नाही. त्यांच्या शेजारी तीही खाली बसली. पदराने त्यांचा चष्मा पुसला आणि परत त्यांच्या डोळ्यांवर चढवला. म्हणाली, "जेवला हो. पोट भरून जेवला." दोनदा म्हणाली. मला वाटलं, सुटली बाई. आता हिला घास उतरेल.

पण आई होती ती. तिची मान एकदम वर झाली.

"केव्हिन, जेवल्यावर लगेच पाण्यात गेला का तो? भरल्या पोटी? मी त्याला लहानपणापासून सांगत आले, जेवल्या जेवल्या पाण्यात उतरायचं नाही."

मी केव्हिनकडे पाहिलं. तो खरं सांगणार की खोटं, आणि ह्या खेपेला त्याने काय सांगावं असं मला वाटत होतं, ह्याचा मला आजही नीट उलगडा होत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. लांब पाय कसेबसे मुडपून तोही लादीवर बसला, तिच्यासमोर.

"नाही, मिसेस सोहोनी," तो म्हणाला. "आम्ही आधी झोपलो. म्हातारीने झाडाखाली चटई टाकून दिली. बराच वेळ झोपलो. तो घोरत होता."

सुलेखा त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिली. त्याने नजर काढली नाही. मग ती नवऱ्याकडे वळली. ऑफिसातून घरी आलेल्या बापाला तान्ह्याची आई दिवसभराचं सांगते ना, तशी, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "जेवला, आणि मग झोपला."