गुरुसिद्धप्पांचा कोंडा

उमरग्यात भुसार मालाची आडत चालवणाऱ्या गुरुसिद्धप्पांना डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातली एक त्यांनी ऐकली. सोयीचं तेवढंच कानात शिरू द्यायचं, ही कला पुरुषमाणसाला शिकवावी लागत नाही.

झालं होतं असं, की तीन वर्षांपूर्वी सोलापूरला दुर्बीण घालून त्यांच्या मोठ्या आतड्यातले दोन पॉलिप काढले. पॉलिप म्हणजे आतड्याला आतून फुटलेला मांसाचा कोंब. आज तो काही करत नाही, पण तसाच राहिला तर पुढं त्याचा कॅन्सर होऊ शकतो. गुरुसिद्धप्पांचे वडील त्यानंच गेले होते. डॉक्टर म्हणाले, "चोथा असलेलं खा, तब्येतीला चांगलं. तीन वर्षांनी पुन्हा तपासायला या, कारण हे परत उगवतात. आणि धाकट्या भावालाही एकदा दाखवा, रक्ताचं नातं आहे." बायको महानंदानं हे सगळं ऐकलं. गुरुसिद्धप्पांनी चोथा ऐकला.

घरातली पिठाची चाळण त्याच दिवशी हद्दपार झाली. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, कोंड्यासकट पोळी, अंबाडी, शेपू, मटकीची उसळ, बियांसकट पेरू. बाकीचे लोक सुपारी चघळतात, तसे हे भाजलेलं जवस चघळायचे. सदऱ्याचा खिसा त्यानं कायम फुगलेला. नळदुर्गच्या लग्नात त्यांनी पानातली जिलेबी बाजूला सारून वाढप्याकडं भाकरी मागितली. वरमाईनं तोंड फुगवलं ते अजून उतरलेलं नाही.

घरापुढच्या कट्ट्यावर सकाळी त्यांचं प्रवचन चालायचं. माणसं ऐकायची, कारण चहा फुकट होता. त्यातला पट्टशिष्य म्हणजे धाकटा भाऊ बंडप्पा. महानंदानं त्याच्या तपासणीचा विषय काढला की तो म्हणायचा, "वैनी, अण्णा खातेत तेच म्याबी खातो. मला काय धाड भरलीय?"

तीन वर्षं सरली. महानंदानं सोलापूरची आठवण केली.

"माझं आतडं झाडलेल्या खळ्यावानी झालंय," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "तिथं काय बघायचं?"

"मग मी भाकरी थापत न्हाय," महानंदा म्हणाली आणि परात पालथी घातली.

ही सगळी चळवळ तिच्या दोन तळव्यांवर उभी होती, हे गुरुसिद्धप्पांना तेव्हा पहिल्यांदा समजलं. त्यांनी स्वतः भाकरी थापून पाहिली. ती तव्यावर गेली तेव्हा तिचे चार तुकडे होते आणि उतरली तेव्हा सात. दुसऱ्या दिवशी ते सोलापूरला जायला तयार झाले.

पण दवाखान्यातून फोनवर जे पथ्य सांगितलं ते ऐकून त्यांचा चेहराच पडला. तपासणीआधी तीन दिवस चोथा बंद. भाकरी नाही, पालेभाजी नाही, बी तर अजिबात नाही. पांढरा भात, दही, पांढरा पाव.

"हे तर पाप हाय," ते म्हणाले. तरी दार लावून त्यांनी तो भात खाल्ला. पोट साफ करायचं औषधही नाक दाबून प्याले.

सोलापूरला डॉक्टर दुर्बिणीच्या खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी महानंदाला विचारलं, "यांनी जवस खाल्लंय का?"

जिकडं बघावं तिकडं जवस होतं. बाकी काहीच नीट दिसत नव्हतं. आठ दिवसांनी पुन्हा यावं लागणार होतं.

परक्या माणसापुढं महानंदाचा आवाज कधी चढला नव्हता. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात तो चढला. "मामंजींना शेवटी पाणीसुदिक पचत नव्हतं. ते म्या बघितलंय. तुमी बाजारात व्हता! मला ते दुसऱ्यांदा बघायचं न्हाय." गुरुसिद्धप्पांनी खिसा रिकामा केला.

घरी आल्यावर तिनं त्यांच्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे शिवून टाकले.

दुसऱ्या खेपेला आतडं स्वच्छ दिसलं आणि त्यात एक नवा कोंब दिसला. डॉक्टरांनी तो तिथंच काढला. "वेळेत आलात," ते म्हणाले.

"पण म्या तीन वर्षं कोंडा खाल्लाय," गुरुसिद्धप्पा म्हणाले. फसवलेल्या गिऱ्हाइकाचा तो सूर होता.

"चांगलं केलंत, खात राहा. पण त्यानं हे परत उगवायचं थांबेल, अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. आत बघावंच लागतं."

परतीच्या वाटेवर नळदुर्ग मागं पडलं. मग गुरुसिद्धप्पा म्हणाले, "कट्ट्यावर साफ निघालं म्हणून सांगायचं. कळलं का?"

महानंदाला नवऱ्याची कीव आली आणि रागही आला. कट्ट्यावरचं नाक राखायला हा माणूस भाऊ घालवणार, हे तिला दिसत होतं. उद्या हे खोटं बोलले तर चारचौघांत आपण खरं सांगायचं, मग काय व्हायचं ते होवो, असं तिनं ठरवलं.

सकाळी ती चहा घेऊन दाराशी उभी राहिली. कट्टा भरला होता.

"साफ ना अण्णा?" बंडप्पानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो लोकांकडं वळला. "म्या म्हणत नव्हतो? आता मला तर जायची गरजच न्हाय."

गुरुसिद्धप्पा भावाकडं बघत राहिले. महानंदानं तोंड उघडलंच होतं.

"एक निघाला," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "हरभऱ्याएवढा."

कट्ट्यावरच्या एकानं हळूच विचारलं, "मंग कोंडा?"

"कोंडा चांगलाच हाय. पण कोंब दुर्बिणीलाच दिसतोय." ते बंडप्पाकडं वळले. "सोमवारी तू. म्या येतो संगं."

"अण्णा, मला काय व्हतंय?"

"बापबी हेच म्हणत व्हता."

बंडप्पानं हातातला कप खाली ठेवला. मग दाराकडं न बघताच त्यानं विचारलं, "वैनी, भातासंगं दही चालतंय न्हवं?"

"चालतंय," महानंदा म्हणाली. तिला रडू फुटलं ते तिनं तिथंच, सगळ्यांदेखत, रडून घेतलं.