वाऱ्याचा माळ

मी एक उघडाबोडका माळ. जरा मोठ्यानंच बोलतो, कारण माझ्याकडे वारा फार. हळू बोललेलं इथं कुणाच्या कानात ठरत नाही.

बातमी आली तो दिवस रोजच्यासारखाच होता. शेळ्या राखणारी आजी दगडाच्या आडोशाला डोळे मिटून बसली होती. तेवढ्यात जीप धडधडत वर आली आणि ड्रायव्हर उतरायच्या आधीच ओरडला, "आजी, तार जोडली! आज संध्याकाळी सगळ्या शहराचे दिवे आपल्या वाऱ्यावर!"

"माझ्या शेळ्यांना काय त्याचं?" आजी म्हणाली, पण हसली.

मी तर शहारलोच! उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. माझे फिटले!

नाहीतर माझी पत ती काय? पेराल ते उडून जायचं. छप्पर घालाल तर पत्रे शेजारच्या गावात सापडायचे. मला सरकारच्या गळ्यात मारून जुना मालक जो सुटला, त्यानं मागे वळून पाहिलं नाही. न जाणो, घेणाऱ्या साहेबांचा विचार बदलायचा!

मला पसंत केलं ते सरकारी वीज खात्यातल्या या साहेबांनी. सगळं शहर हसलं. "सरकारनं वारा विकत घेतला! आता पुड्या बांधून विकणार!" त्यांचं नावच पडलं, वारेसाहेब.

वारेसाहेबांनी जागोजागी काठ्या रोवल्या आणि जुन्या चादरीच्या चिंध्या बांधल्या. वारा कुठून येतो, किती टिकतो, ते बघत बसायचे. खालून कुणीतरी ओरडायचं, "साहेब, पीक नाही आणि बुजगावणी कुणासाठी?" साहेब एका हातानं टोपी धरून दुसरा हात हलवायचे.

साहेबांच्या घरी मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं. "बाजारात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत," त्यांच्या बाई म्हणायच्या. "भाजीवालीसुद्धा विचारते, वारा काय भावानं घेतलात?"

"तू एकदा वर चल. नुसती उभी राहा. मग सांग, मी चुकलो का."

"केस विस्कटतात माझे. बघू पुढच्या रविवारी."

हे मला साहेबांनीच सांगितलं. माळावर एकटा बसलेला माणूस कुणाशी तरी बोलणारच की!

साहेब निवृत्त झाले, तरी येत राहिले. मग एका वर्षी यायचे थांबले, ते कायमचेच. काठ्या कलल्या.

आणि मग आली ती पवनचक्क्यांची अवाढव्य पाती! नव्या इंजिनिअरांनी यंत्रं लावून वारा मोजला आणि खुंट्या ठोकल्या त्या साहेबांच्या काठ्यांशेजारीच. पहिलं पातं फिरलं तेव्हा मी मुळापासून हादरलो, आनंदानं!

आणि तार जोडल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी सारं शहर वर लोटलं. पुड्यांचा विनोद करणारे सगळ्यांत पुढे. "आम्ही तेव्हाच म्हटलं होतं!" म्हणे.

बाई आल्या लेकीचा हात धरून. वाऱ्यानं अंबाडा सुटला. त्यांनी तो सावरला नाही. खाली एकेक रस्ता उजळत गेला.

"आई, ती बघ आपली गल्ली!" लेक ओरडली.

बाईंनी एका कललेल्या काठीवरची चिंधी बोटांत धरली. "माझीच चादर," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "नव्हते चुकले."

वारा असूनही मला ते ऐकू आलं.

माणसांनो, कुणी "एकदा चल" म्हणालं, तर केसांचं काय ते नंतर बघा. माझ्याकडे आता सगळं आहे. फक्त त्या दोघांनी मिळून इथं उभं राहायचं राहून गेलं.