वाट मोकळी

"परत म्हण," क्लॅरी म्हणाला आणि त्यानं मिठाची बाटली माझ्या तोंडापुढे धरली.

"मिठाशी गप्पा मारायला मला काय वेड लागलंय?"

"रेडिओ समज गं. वाळूच्या टेकडीपलीकडचं काही दिसत नाही, डॉरीन. तिकडून कुणी सुसाट येत असलं तर माथ्यावरच टक्कर. म्हणून आधी खाली थांबायचं, सांगायचं आणि ऐकायचं. कुणी बोललं तर त्याला येऊ द्यायचं. कुणीच बोललं नाही तर वाट मोकळी. म्हण."

"एक गाडी, पश्चिमेकडे निघालीय," मी पुटपुटले.

"कोंबड्या हाकलतेस तो आवाज कुठे गेला?"

नाताळ नुकताच झाला होता आणि ऑस्ट्रेलियातल्या आमच्या क्विल्पी गावात ऊन नुसतं आग ओकत होतं. सिम्पसन वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान उन्हाळाभर बंद असतं, ते मार्चच्या मध्याला उघडतं. क्लॅरीचे डॉक्टर मार्चचं नाव घ्यायलाही तयार नव्हते.

जन्मभर त्यानं लोकांच्या पवनचक्क्या आणि पंप दुरुस्त केले. दर हिवाळ्यात आमचा वाळवंटाचा बेत ठरायचा आणि नेमकं कुणाच्या तरी गुरांचं पाणी बंद पडायचं. "वाळू कुठे पळून जातेय?" असं म्हणत हा हत्यारं गाडीत टाकायचा. खरंच, वाळू कुठेच गेली नाही.

टेबलावर नकाशा पसरून तो बोलतच होता. टायरची हवा किती सोडायची, पाण्याचे डबे कुठे बांधायचे, गाडीच्या पुढच्या उंच काठीला केशरी झेंडा कसा लावायचा.

"रेडिओवर तूच बोल ना," मी म्हटलं. "मी चालवीन."

त्यानं नकाशाची घडी घातली, नेहमीसारखी उलटी. "दोन्ही तुलाच जमलं पाहिजे, बाई."

आम्हा दोघांच्या प्रवासाची तयारी चाललीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. कोंबड्यांना दाणे टाकायच्या निमित्तानं मी मागे गेले आणि ढसाढसा रडले. परत आले तर मिठाची बाटली धरून तो तसाच बसला होता. मी तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं.

"आता कसं!" तो म्हणाला.

फेब्रुवारीत तो गेला.

मे महिन्यात मी एकटीच निघाले. लोकांनी वेड्यात काढलं. पहिल्या मोठ्या तांबड्या टेकडीखाली गाडी थांबवली, माईक हातात घेतला आणि कोंबड्या हाकलायच्या आवाजात सांगितलं, "एक गाडी, पश्चिमेकडे निघालीय."

नुसती खरखर. मी परत सांगितलं. कुणीच बोललं नाही.

वाट मोकळी होती. तरी मी बराच वेळ खालीच थांबले, रेडिओला कान लावून.