पालकांनी भरावयाचा भाग

एकशे बारा अर्जांपैकी एकाच अर्जाला पालकांच्या भागात शून्य गुण मिळाले होते. सृष्टी यादव गावित, इयत्ता पाचवी, सातपूरमधली महापालिकेची शाळा.

आमचा रविवारचा वर्ग चोवीस मुलांचा. आमच्या विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत चोवीसच स्टुलं मावतात, म्हणून. गणित-विज्ञानात वेगळी चमक असलेली पाचवी-सहावीची मुलं निवडायची आणि दर रविवारी तीन तास त्यांना हाताने काही करून पाहू द्यायचं, एवढीच मूळ कल्पना. निवडीची पद्धत मात्र वर्षागणिक वाढत गेली होती. लेखी चाचणीला साठ गुण, वर्गशिक्षकांच्या शिफारशीला वीस आणि पालकांनी भरावयाच्या भागाला वीस. हा शेवटचा भाग माझा. एका परदेशी प्रश्नावलीवरून मीच तो मराठीत केला होता. दहा प्रश्न, प्रत्येकापुढे तीन रकाने: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. ‘नेहमी’ला दोन गुण, ‘कधीकधी’ला एक.

सृष्टीला चाचणीत एक्कावन्न होते. तिच्या भाग्यश्री मॅडमनी वीसपैकी अठरा दिले होते आणि खाली पेनाने लिहिलं होतं, ‘हिला जरूर घ्यावे.’ या दोन्ही भागांची बेरीज केली तर तिच्या पुढे फक्त दोन मुलं होती. पालकांचे शून्य मिळवल्यावर एकूण एकोणसत्तर. चोविसाव्या मुलाला बहात्तर होते.

“शून्य म्हणजे पाठवायचंच नाहीये त्यांना,” ललित सर म्हणाले. ते आमच्याकडे रसायनशास्त्र बघतात आणि यादीचं कामही. “आपण कशाला ओढायचं, संध्याताई? दुसऱ्या टोकाला हे बघा. समर्थच्या आईने तीन पानं जास्तीची जोडलीत. आठव्या महिन्यात रंग ओळखत होता म्हणे.”

“कुणाला सांगत होता?”

“ते चौथ्या पानावर असणार.”

मी हसले, पण ते शून्य डोक्यातून जाईना. सव्वीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. एखादं वाचन बाकीच्यांपासून इतकं लांब पडलं, तर ते खोडण्याआधी उपकरण तपासायचं, हे मीच मुलांना सांगत आले. यादी सोमवारी लागणार होती. शनिवारी सकाळी मी अर्जावरच्या नंबरवर फोन केला आणि सातपूरला गेले.

श्रमिकनगरमध्ये एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. यादव गावित एका छोट्या वर्कशॉपमध्ये मशीनवर काम करतात. शनिवार त्यांच्या सुट्टीचा. मूळचे सुरगाण्याकडचे. सृष्टीच्या आई मैनाताई जवळच्याच एका कारखान्यात पॅकिंगला जातात, त्यांनी माझ्यासाठी अर्धा दिवस रजा टाकली होती. ते कळल्यावर मला ओशाळल्यासारखं झालं. चहाबरोबर त्यांनी गावाकडून आलेले नागलीचे पापड तळले. सृष्टीची शाळा सुटायला अजून वेळ होता.

यादवभाऊ माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

“मॅडम, फॉर्ममध्ये काय चुकलं का?”

“चुकलं असं नाही. तुम्ही सगळीकडे ‘कधीच नाही’वर खूण केलीय. तेवढं विचारायला आले.”

“बरोबर केलंय,” ते पटकन म्हणाले. “तसलं काय नाय तिच्यात.”

मैनाताई आतून पापडाची ताटली घेऊन आल्या. “मी म्हणलं होतं यांना. एखाद-दोन तरी कधीकधीमधी टाका. सगळंच ओके दिलं तर कुणाला खरं वाटंल?”

“तू गप.”

“गप कशी? आमच्याकडं अख्खा लॉट बिनफॉल्टचा आला तर साहेब पहिला तोच उघडून बघतो.”

“आणि एक जरी रिवर्क दिसला तर लॉट थांबतो. ते नाय सांगत.”

मला काहीच कळेना. मी पर्समधून अर्ज काढला आणि टीपॉयवर ठेवला. यादवभाऊंनी बोटाने तीन रकाने दाखवले. त्यांच्या नखांच्या कडांत तेल मुरलेलं होतं.

“आमच्या तपासणीच्या कागदावर असंच असतं ना. हा पहिला, रिजेक्ट. हा मधला, रिवर्क, म्हणजे परत दुरुस्तीला. हा शेवटचा, ओके. फॉल्ट हाय का, तर कधीच नाय. माल पास.”

मी अर्ज माझ्याकडे वळवला आणि स्वतःचेच प्रश्न वाचले. मोठ्यांना उलट प्रश्न विचारते का? एकदा जमलेले काम पुन्हा करायला कंटाळते का? घरातील वस्तू उघडून पाहते का? एखाद्या गोष्टीत गुंतली असता हाक मारलेली तिला ऐकू येत नाही का? समवयस्क मुलांत न मिसळता एकटी रमते का? वर्षभरापूर्वी मी हे प्रश्न माझ्या टेबलाशी बसून, शब्दकोश उघडून लिहिले होते. वर एक ओळ घालायला हवी होती, की ही मुलामधल्या गुणांची यादी आहे. मला ती घालायची गरज वाटली नव्हती. कॉलेज रोडवरच्या शिकल्यासवरल्या पालकांना ते न सांगता कळलं होतं.

“तुम्हाला काय वाटलं, हा कागद कशासाठी आहे?” मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“मागल्या वर्षी शाळेतनं बोलवणं आलं होतं,” मैनाताई म्हणाल्या. “भाग्यश्री मॅडमच्या आधी ज्या होत्या, त्यांनी. मुलगी उलट बोलती, म्हणे. फळ्यावरचं गणित चुकलंय असं भर वर्गात म्हणाली. यांना खाडा पडला. तवापासून आम्ही तिला लय समजावतो. आणि हा कागद बघितला तर त्याच्यात सगळं तेच. उलट विचारती का, ऐकत नाय का, एकटी ऱ्हाती का. मला वाटलं, जुनी तक्रार तुमच्या रविवारच्या शाळंपर्यंत पोचली.”

“आणि गणित चुकलं होतं का?”

“चुकलं होतं,” यादवभाऊ म्हणाले. “मी घरी करून बघितलं ना. पण ते कुणाला सांगणार?”

मी सांगितलं. शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं की आम्ही ज्या मुलांना शोधतो ती अशीच असतात. ती प्रश्न विचारतात, वस्तू उघडतात, हाक ऐकत नाहीत. पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक खुणेला दोन गुण आहेत.

यादवभाऊंनी ते ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, “आणि शेवटच्या रकान्याला?”

“शून्य.”

बाहेर जिन्याशी कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. किक, किक, पुन्हा किक. यादवभाऊंनी दहाही खुणांवरून बोट खाली नेलं.

“म्हणजे मीच काढली तिला,” ते म्हणाले.

“असं नाही हो.”

“असंच झालं ना, मॅडम. दुसरा फॉर्म द्या. आत्ता भरतो. ती सगळं करती. मिक्सर खोललाय तिनं. लायटर खोललाय. मी मारायला उठलो होतो त्या दिवशी.” ते मैनाताईंकडे वळले. “पेन दे.”

माझ्या पर्समध्ये कोरे अर्ज होते. मी ते काढले नाहीत. नियम समजावून सांगितल्यावर भरलेला कागद आणि न सांगता भरलेला कागद यांची बेरीज एका यादीत करता येत नाही. यांच्यासारखे आणखी कितीजण असतील, त्यांच्या घरी मी गेले नव्हते. हे मी त्यांना सांगितलं. सांगताना मला स्वतःचाच आवाज कोरडा वाटला.

“यादी सोमवारी आहे. मी आज काहीच कबूल करू शकत नाही.”

त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही. घातला असता तर बरं वाटलं असतं. मैनाताई पेन हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

तेवढ्यात जिना वाजला आणि सृष्टी आली. दोन वेण्या, एका मोज्याचं इलॅस्टिक गेलेलं. मला पाहून ती दारातच थांबली आणि वडिलांचा चेहरा बघून म्हणाली, “पप्पा, आज मी काहीच बोलले नाही वर्गात. खरंच.”

यादवभाऊ उठले आणि खिडकीकडे जाऊन उभे राहिले.

“बोललीस तरी चालेल,” मीच म्हणाले. “घरी काय खेळतेस तू?”

तिने आईकडे पाहिलं. आईने मान हलवल्यावर तिने पलंगाखालून एक पत्र्याचा डबा ओढला. त्यात वर्कशॉपमधून आलेला बाद माल होता. लोखंडाच्या भरीव, दांडीच्या तुकड्यासारख्या पिना आणि आतून पोकळ, नळीच्या तुकड्यासारखी बुशं, सगळ्या मापांची. तिने पोळपाट उशीला टेकवून उतरता लावला आणि एक पिन व एक बुश एकदम सोडलं. दोन्ही खडखडत, घरंगळत फरशीवर आली.

“याच्याचपायी खालचे घरमालक ओरडतात,” मैनाताई पुटपुटल्या.

“बघा,” सृष्टी म्हणाली. “पिन नेहमी पुढे येते. आधी मला वाटलं, जड असेल ते पुढे येत असणार. पण ही लहान पिन आणि ही मोठी पिन एकदमच येतात. आणि बुश कितीही मोठं घेतलं तरी मागेच राहतं. म्हणजे वजनाचं काही नाहीये. आतून पोकळ आहे त्याचं काहीतरी आहे.”

“किती वेळा करून पाहिलंस?”

“प्रत्येक जोडी दहा वेळा. एकदा बुश पुढे आलं होतं, पण तेव्हा माझा हात लागला होता. ते मी धरलं नाही.”

सव्वीस वर्षं मी हे फळ्यावर सूत्राने सिद्ध करून दाखवलं. स्वतःहून इथपर्यंत आलेला एकही विद्यार्थी मला आठवेना.

“असं का होतं?” मी विचारलं.

“ते अजून नाही समजलं. तुम्हाला माहितीये?”

“माहितीये. पण मी सांगणार नाही.”

तिने क्षणभर विचार केला. “बरं. मग सांगू नका.”

यादवभाऊ खिडकीपाशीच होते. ते मागे वळले नाहीत, पण ते ऐकत होते हे मला दिसत होतं.

केंद्रावर परत येऊन मी एकशे बारा अर्ज जमिनीवर पसरले आणि शाळेनुसार लावले. मग प्रत्येक गठ्ठ्यातल्या पालकांच्या गुणांची सरासरी काढली. तीन मोठ्या शाळांची साडेसतरा. महापालिकेच्या शाळांची सहा. चाचणीच्या गुणांतही फरक होता, पण इतका नव्हता. आम्ही मुलांबद्दल विचारलं होतं आणि मोजलं होतं ते हे, की पालकांना कागद पाहून भीती वाटते की नाही.

ललित सरांना फोन केला.

“तो भाग काढून टाकायचा. सगळ्यांचा.”

“नियमपत्रकात छापलंय, ताई. वीस गुण.”

“माझं चुकलंय असं खाली लिहून सही करते मी.”

“एका मुलीसाठी?”

“अर्ज पसरलेत इथे. येऊन बघा.”

ते आले. गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ गठ्ठ्यांभोवती फिरले. मग म्हणाले, “समर्थ राहतोय का?”

“राहतोय. हुशार आहे तो.”

“त्या तीन पानांशिवायसुद्धा?”

“त्या तीन पानांशिवायसुद्धा.”

नव्या बेरजेत चार नावं गेली, चार आली. गेलेल्या चौघांच्या पालकांनी काहीच चूक केली नव्हती. यादी अजून लागली नव्हती, त्यामुळे त्यांना हे कधी कळणार नव्हतं, पण ती चार नावं मी माझ्या वहीत लिहून ठेवली. पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा बोलावायचं आहे.

सोमवारी दुपारी यादवभाऊंना फोन लावला. मागे मशीनचा आवाज होता.

“थांबा मॅडम, बाहेर येतो.”

आवाज मागे पडला. मी सांगितलं, सृष्टीचं नाव यादीत तिसरं आहे.

त्यांनी ‘तिसरं ना?’ असं पुन्हा विचारून घेतलं.

“आणि तो आमचा कागद?” त्यांनी विचारलं.

“तो भागच काढला. कुणाचाच धरला नाही.”

“बरं झालं. सही केली होती ना मी त्याच्यावर. खोटं लिहून. मॅडम, तिथं लय प्रश्न विचारले तर चालतंय ना? नाय, आधीच विचारलेलं बरं.”

“चालतं.”

“आणि हाक ऐकली नाय तर?”

“दुसऱ्यांदा मारू.”

ते पहिल्यांदा हसले. मी फोन ठेवला आणि पुढच्या पालकांचा नंबर शोधायला लागले. पाचेक मिनिटांत पुन्हा त्यांचाच फोन.

“मॅडम, एक सांगायचं ऱ्हायलं. बसमधी बसली की पुढच्या गाडीचा नंबर बघून त्याला कशाकशानं भाग जातो ते सांगती. मी गप बसवायचो तिला.”

“बरं.”

“आणि आईला विचारती, भाकरी मधीच का फुगती, कडंला का नाय.”

मी एक कोरा कागद पुढे ओढला आणि हे लिहून घेतलं. त्यावर रकाने नव्हते. “अजून?”

“अजून लय हाय,” ते म्हणाले. “पण सुपरवायझर बघतोय. संध्याकाळी करू का फोन?”

“करा,” मी म्हणाले.