कोरड्या पट्ट्यातली ओल

दोंडाईच्याजवळ हिलाल आबांचं शेत होतं. त्यात त्यांनी मलबार कडुनिंबाच्या रांगा लावल्या होत्या आणि मधल्या मोकळ्या पट्टीत ते हरभरा घेत. धुळ्याहून ज्योत्स्नाताई नावाच्या संशोधक बाई आल्या आणि त्यांनी प्रयोगासाठी नेमकं तेच शेत मागितलं, तेव्हा आबांची छाती फुगली. शेताच्या मधोमध उंच लोखंडी खांब उभा राहिला. ऊन, वारा, हवेतली वाफ मोजणारा. खोडांत बारीक सुया बसल्या. मुळांकडून शेंड्याकडे किती पाणी चढतं ते त्या सांगत. निम्म्या रांगांना ठिबकचं पाणी द्यायचं, निम्म्यांना माघ सरल्यापासून थेंबही नाही, असं ठरलं. त्या निम्म्याला सगळे कोरडा पट्टा म्हणत.

"हे सगळं संगणकात मांडायचं, आबा," ताईंनी समजावलं होतं. "झाड किती पितं, किती हवेत सोडतं, सावलीनं जमीन किती थंड राहते. मग उद्या कुणीही विचारू दे, माझ्या रानाला किती झाडं पेलतील, आपल्याला सांगता येईल."

रोजच्या मोजणीसाठी सरिता आली. चाळीसगावची पोरगी, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. आबांच्या पुढच्या खोलीत राही आणि सुंदरबाईंच्या हातची भाकरी खाई. सुंदरबाई तिचं ताट आपल्या लेकीच्या, मेघाच्या ताटाशेजारीच मांडत.

चैत्रात मेघाला रावेरचं स्थळ आलं. केळीवाले लोक. शेत बघायला येतो म्हणाले. आबा कोरड्या पट्ट्यात गेले तर पानं पिवळी पडून गळत होती, फांद्यांचे खराटे झाले होते. हिरव्यागार बागांत वाढलेली माणसं हे बघून काय म्हणतील, या विचारानंच त्यांचे कान तापले. सरिता दोंडाईच्याला गेली की ते जुन्या नळ्या अंथरून पाणी सोडू लागले आणि ती यायच्या आत त्या गुंडाळून ठेवू लागले. झाडं तरारली. रावेरकर आले, सावलीत बसून उसाचा रस प्यायले, सोयरीक जमली.

तिथं तरी थांबायला हवं होतं. पण पानं पुन्हा गळाली तर सरिता विचारेल, म्हणून आबा पाणी सोडतच राहिले. ज्योत्स्नाताई येणार असं कानावर आलं, तेव्हा थांबले. वरची माती उन्हानं सुकून गेली.

ताई आल्या त्या वैतागलेल्याच. बांधावर लॅपटॉप उघडून त्यांनी सरिताला बोलावलं. आबा चहा घेऊन तिथेच उभे होते.

"गणित सांगतं, या झाडांनी आता पाणी जपून वापरायला हवं. तुझे आकडे म्हणतात, पोटभर पिताहेत. मातीची ओलही तशीच. कसं काय?"

"मॅडम, मोजलं तेच लिहिलंय."

"कोरड्या पट्ट्यात आलीस तरी का? की ओल्यात बसूनच दोन्हीकडचे आकडे लिहिलेस?" मग त्या वळल्या. "आबा, इथे पाणी सोडलं होतं का?"

सरितानं आबांकडे पाहिलं.

"नाही ताई," आबा म्हणाले. "थेंब नाही."

"बघ. आबा कशाला खोटं बोलतील?"

सरिता त्याच दुपारी बॅग भरून निघाली. सुंदरबाईंनी बांधून दिलेली शिदोरी तिनं घेतली, आणि जाताना आबांना वाकून नमस्कारही केला.

त्यानंतर आबांना घास गोड लागेना. एकदा वाढता वाढता सुंदरबाई अहिराणीत म्हणाल्या, "ती पोर खोटं बोलनारी नही शे. तुम्ही त्या नळ्या कसाले काढेल व्हत्या?" आबा ताटावरून उठले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी धुळ्याची गाडी धरली.

ताईंच्या टेबलासमोर उभं राहिल्यावर शहरातली मराठी तोंडातून निघेचना. "ताई, चूक मन्ही शे. पानी मीच सोडेल शे. पोरनी काही चूक नही."

ताईंनी लॅपटॉप उघडला. मग कधी सोडलं, किती सोडलं ते त्यांनी विचारलं, आबांनी आठवेल तसं सांगितलं, आणि ताईंनी ते पाणी संगणकात भरलं. पडद्यावरच्या दोन रेषा, एक गणिताची आणि एक सरिताच्या मोजणीची, जवळजवळ एकमेकींवर बसल्या. ताईंनी कपाळाला हात लावला.

"मी तिचं ऐकूनच घेतलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं वय बघितलं, आणि..." त्यांनी फोन लावला. सरितानं उचलला नाही.

आबा तसेच चाळीसगावला गेले. सरिताच्या भावाचं बियाण्यांचं दुकान विचारत विचारत सापडलं. गल्ल्यावर तीच बसली होती.

"पोरी, मी ताईंना सगळं सांगितलं. त्या तुला परत बोलावताहेत."

"मला माहीत होतं, आबा," ती हळूच म्हणाली. "नळ्या गुंडाळल्या तरी खालची माती ओली लागायची. वाटलं, मॅडमसमोर तुम्ही सांगाल."

"मग तू का नाही बोललीस?"

"तुमच्या घरी जेवत होते. तुमच्या तोंडावर तुम्हाला खोटं कसं पाडू? तीही माझी चूकच झाली." तिनं गल्ल्याचा खण लावला. "मी परत नाही येणार."

आतून तिचा भाऊ आला. "कोण गं हे?"

"मी ज्यांच्याकडे राहायला होते ना, ते आबा," सरिता म्हणाली. "पाणी आण त्यांना."

"अरे, आबा!" भाऊ लगबगीनं वाकून त्यांच्या पाया पडला. आबांना पाय मागे घ्यायचंही सुचलं नाही. भाऊ तांब्या घेऊन आला तरी ते मान खाली घालून तसेच उभे होते.