वरीलपैकी एकही नाही

आमच्याकडे कुणाला आकाशात काही सापडलं, की आधी त्याला रांगेपुढे उभं करतात. रांग माणसांची नव्हे, आकाशांची. एक खरं, बाकीची संगणकात बनवलेली खोटी, आणि सगळ्यांवर नुसते नंबर. ज्याला काही सापडलंय त्याने आपली पद्धत चालवायची आणि खरं कोणतं ते बोट ठेवून दाखवायचं. पोलीस ओळखपरेड करतात तसंच, फक्त इथे घाम साक्षीदाराला फुटतो.

खोटी आकाशं बनवणारा आमच्यातलाच एक जण आहे. त्याला सगळे डुप्लिकेट म्हणतात आणि तोही फोनवर स्वतःची ओळख तशीच करून देतो. मला त्रिकोणताई म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे माझी तक्रार नाही. पाठीमागे तिखट म्हणतात, त्याबद्दलही नाही.

त्रिकोणांचं असं आहे. विश्व अगदी तान्हं असताना जो उजेड सुटला, तो अजून चहूकडून येतोय. डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीला जाणवतो. त्याचा नकाशा काढला तर सगळीकडे ठिपके दिसतात, कुठे जेमतेम लाखात एक भाग ऊबदार, कुठे तितकाच गार. कोणता ठिपका नेमका कुठे पडला याला अर्थ नाही, तो योगायोग. अर्थ असतो तो ठिपक्यांच्या सवयींना. दोन-दोन ठिपक्यांच्या जोड्या मोजून लोकांनी विश्वाचं वय काढलं. मी तीन-तीन मोजते. तीन ठिपक्यांचा त्रिकोण, त्यातही लांबट, दोन बाजू लांब आणि एक आखूड. असे त्रिकोण योगायोगाने पडायला हवेत त्याहून जास्त निघाले, तर विश्वाला पहिल्या क्षणी फुगवणारी गोष्ट एक नव्हती, निदान दोन होत्या, असं म्हणता येतं. जुन्या नकाशात मला ते जास्त निघाले होते. फार नाही, पण निघाले होते.

आमच्या विभागप्रमुखांना हे पटत नव्हतं. सर कधी आवाज चढवत नाहीत. शांतपणे चहात बिस्कीट बुडवत माणसाची सालं काढतात.

"ढगांकडे बघत बसलं की हत्ती दिसतो," ते म्हणाले. "तुम्ही तर नऊ वर्षं बघताय."

"हत्ती दिसला असता तर मी हत्ती लिहिला असता. मला त्रिकोण दिसला."

"मग नव्या आकाशात दाखवा."

नवी दुर्बीण आकाशाच्या दुसऱ्याच तुकड्याकडे रोखलेली होती आणि तिचा नकाशा नुकताच हाती आला होता. तो मी पाहिला नव्हता, पाहायचाही नव्हता. ठरलं असं की डुप्लिकेटने पन्नास आकाशांची रांग लावायची. खरं ओळखलं, तर विभागाच्या लेखात माझं प्रकरण राहील आणि महिनाअखेर संपणारा माझा करार वाढेल. नाही ओळखलं, तर दोन्हींवर पाणी. सरांनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की मला वाटलं बिस्कीट पुढे करतायत.

घरी आईला सांगितलं. आई गणिताची निवृत्त शिक्षिका. आता तिला फारसं दिसत नाही, पण या घरातला प्रत्येक उंबरा, प्रत्येक बटण तिच्या हाताला पाठ आहे. करार गेला तर मला दुसऱ्या गावी नोकरी शोधावी लागणार होती, आणि दुसऱ्या गावी आई म्हणजे खरोखरीच आंधळी आई. हे आम्ही दोघीही मोठ्याने बोलत नव्हतो. त्या दिवशी मी बोलले.

"तू जा," ती म्हणाली. "मी राहते इथेच."

"तुला टाकून जाऊ?"

"टाकून म्हणजे? मी काय गाठोडं आहे?" तिने शेंगा सोलायच्या थांबवल्या. "आणि एक सांगते. माझ्यासाठी म्हणून तिथे काहीतरी ठोकून देशील, तर मी तुझ्या हातचं पाणी पिणार नाही. आयुष्यभर पोरांची ठोकाठोकी तपासली मी. लांबून वास येतो मला."

"कोण ठोकतंय?"

"आवाज कशाला चढवतेस मग?"

परीक्षेला सगळा विभाग हजर होता. खोली छोटी, पडदा मोठा, खुर्च्या कमी. दोघं-तिघं खिडकीच्या कट्ट्यावर टेकले होते. डुप्लिकेटने पन्नास आकाशं पडद्यावर मांडली. सगळी सारखीच ठिपकेदार, जुन्या फरशीसारखी. मी माझी पद्धत सुरू केली आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले.

योगायोगाहून किती त्रिकोण जास्त, त्याचे आकडे एकेक करून येऊ लागले. खोट्या आकाशांचे आकडे शून्याच्या अवतीभवती गर्दी करतात. खऱ्याचा आकडा, माझं म्हणणं खरं असेल तर, गर्दीच्या बाहेर एकटा पडायला हवा होता. दहा आले, सगळे गर्दीत. वीस आले. एकतिसावा जरा काठावर गेला आणि कट्ट्यावरच्या एकाने हळूच "हं" केलं. मग चाळीस. मग पन्नास. बाहेर एकही नाही.

नऊ वर्षं डोळ्यांपुढून गेली वगैरे काही झालं नाही. आईचा दाराची कडी चाचपणारा हात तेवढा दिसला.

"मग," सर म्हणाले, "कोणतं?"

एकतीस. सगळ्यांच्या डोळ्यांत एकतीसच होतं. तोच सगळ्यांत मोठा आकडा होता, आणि तो म्हटला असता तर कुणी मला वेड्यात काढलं नसतं. चुकला असता तर बिचारी म्हणाले असते. लागला असता तर आई त्याच घरात राहिली असती. पण एकतीस काठावर होता, बाहेर नव्हता. पन्नास पोरं उंचीप्रमाणे उभी केली तर एक सगळ्यांत उंच निघणारच, म्हणून तो काही ताडमाड होत नाही. हे मीच दर वर्षी नव्या लोकांना शिकवते.

मी डुप्लिकेटकडे पाहिलं. त्याने बुटाची नाडी बांधायला घेतली. बुटाला नाडी नव्हती.

"यात नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"खरं आकाश या रांगेत नाही."

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. "पन्नासात एक खरं आहे, असं सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतं. मला दिसत नाही."

"मग सरळ अर्थ असा, की ते आहे आणि तुमचा त्रिकोण नाही. तो तुम्हाला सुचतच नाही का?"

"सुचतो. पण नऊ वर्षं मी एक गोष्ट म्हणतेय, की खऱ्या आकाशात त्रिकोण असतो. तीच धरून उत्तर द्यायचं, तर उत्तर हेच. तुम्हाला एखादा नंबर हवाय म्हणून मी एकतीस ठोकून देणार नाही. पर्याय नसेल तर नवा छापा. वरीलपैकी एकही नाही."

"करार पणाला लावून म्हणताय हे?"

"तुम्हीच लावलाय तो. मी नुसतं उत्तर देतेय."

सरांनी कप खाली ठेवला आणि डुप्लिकेटला म्हणाले, "सांग यांना."

तो उभा राहिला. मान खालीच. "ताई, पन्नासच्या पन्नास माझी आहेत. खरं घातलंच नव्हतं. सरांनी सांगितलं होतं."

खोलीत एकदम कालवा झाला. सर पहिल्यांदाच मोकळेपणाने हसत होते. हा त्यांचा जुना सापळा होता म्हणे. याआधी तिघांना त्यांनी असंच रिकाम्या रांगेपुढे उभं केलं होतं आणि तिघांनीही छातीठोकपणे एकेक खोटं आकाश खरं म्हणून उचललं होतं. मी पहिली, जिने उचललं नाही. टाळ्या पडल्या. प्रकरण राहणार, करार वाढणार, सगळं तिथल्या तिथे जाहीर झालं. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच अंगाचा तिळपापडही झाला.

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात," मी म्हणाले.

"परीक्षेपुरतं."

"ठीक. आता खरं टाका."

"काय?"

"खरं आकाश. नवं. टाका रांगेत. अजून कुणी विचारलंच नाहीये त्याला."

"कशाला? तुम्ही पास झालात."

"मी पास झाले. त्रिकोण कुठे झालाय? मी ठोकत नाही एवढंच ठरलं आज. टाळ्या मात्र त्रिकोणाला पडल्या."

सर घड्याळ बघू लागले. मी त्यांच्याकडे न बघता डुप्लिकेटपुढे हात केला आणि त्याने मुकाट्याने नकाशा माझ्याकडे पाठवला. मला वाटतं त्याला माझं काहीतरी देणं फेडायचं होतं. मी पद्धत सुरू केली. या वेळी मला खात्री होती. इतकी खात्री मला आयुष्यात कशाची नव्हती.

आकडा आला. शून्याला खेटून. पन्नास खोट्यांच्या ऐन गर्दीत, एकतीसपेक्षाही आत.

कुणी हसलं नाही. मी पडद्यासमोर उभी राहिले आणि जे कळायचं ते मला सगळ्यांच्या एक क्षण आधी कळलं. खरं आकाश त्या रांगेत असतं, तरी मी तेवढ्याच ताठ मानेने म्हणाले असते, यात नाही. माझं उत्तर बरोबर आलं होतं आणि ते ज्याच्या जोरावर आलं होतं ते चुकीचं होतं. जुन्या आकाशातला त्रिकोण हा योगायोग होता. हत्तीच होता तो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींपैकी राग जास्त कामाचा म्हणून मी तो धरून ठेवला.

सर उठून जवळ आले आणि आवाज उतरवून बोलू लागले. नव्या दुर्बिणीवर पुढच्या वर्षीचा वेळ मागायचा होता. काहीतरी संकेत हातात असलेल्या गटालाच तो मिळतो. जुन्या आकाशात संकेत आहे, हे खरंच आहे. सापळ्यातून पद्धत सुखरूप बाहेर आली, हेही खरंच आहे. हे दोन्ही लिहू. आजचा हा शेवटचा आकडा घाईघाईत काढलेला आहे, तो या खोलीतच राहू दे.

"सर," मी आवाज न उतरवता म्हणाले, "मघाशी तुम्ही मला खोटं सांगून माझ्याकडून खरं काढलंत. आता मी आपणहून खरं देतेय, तर तुम्हाला खोटं हवंय?"

"खोटं नाही म्हणत मी. थांबा म्हणतोय."

"नऊ वर्षं थांबले."

मी लेखाचा मसुदा उघडला, पडद्यावर, सगळ्यांसमोर. माझं प्रकरण बावीस पानांचं होतं. ते पुसलं आणि त्या जागी लिहिलं की लांबट त्रिकोणांचा जास्तीचा भरणा आम्ही नव्या आकाशात शोधला, आणि तो नाही. जुन्या आकाशातला योगायोग होता. खाली आजचा आकडा घातला. त्याखाली माझं नाव.

सरांनी चष्मा लावून ते वाचलं. "नाही?" ते म्हणाले. "असं कुणी लिहितं का? बहुधा नाही, असं लिहा. तुमच्याच भल्याचं सांगतोय. प्रकरणच उरलं नाही, तर करार कशाचा वाढवू मी?"

"बहुधा कशाला? आकडा दिलाय. असलाच तर याहून मोठा नाही, हेही त्यात आलंच. कुणालाही पुढे नऊ वर्षं याच्यामागे घालवायची असतील, तर त्याला ते आज कळू दे."

"आणि तुमच्या आईचं काय?" हे त्यांनी खरंच काळजीने विचारलं, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

"तिला आज संध्याकाळी मी सांगणार आहे. ती विचारेल, ठोकलंस का. मला नाही म्हणायचंय."

त्यांनी पडद्यावर माझ्या नावाशी बोट टेकवलं. मग म्हणाले, "या लेखावर माझंही नाव आहे."

"आहे. नको असेल तर तुमचं काढा, सर. माझं राहील."

मी कळफलक त्यांच्याकडे सरकवला.